ताशी शून्य किलोमीटर

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी गेली अकरा वर्षं ताशी शून्य किलोमीटर वेगाने धावत होती. सिंहगडाला गेलो, शून्य. वाईला लग्नाला निघायला उशीर झाला म्हणून बाबांनी दामटली, तरी शून्य. किलोमीटरचा आकडा ६४,२१८ वर जो बसला तो बसलाच. पण बाबांचं काही अडत नव्हतं. "काटा नवशिक्यांना लागतो. मला आवाजावरून कळतं," असं म्हणून ते कान किंचित तिरका करत आणि जाहीर करत, "हा पासष्टचा आवाज." एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी जुन्या मुंबई रस्त्याने आपण ऐंशीच्या खाली कधी आलोच नाही, हे तर आमच्याकडच्या प्रत्येक जावयाने किमान दोनदा ऐकलेलं आहे.

गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, १९८४ची. स्टेअरिंगजवळ गिअरचा दांडा, पुढे अखंड सोफ्यासारखी सीट, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय ती कुणाचीही होत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याची बातमी आली, तेव्हा बायको सहज म्हणाली, "बाबा, मुंबईनेसुद्धा सोडली हो." बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी मध्यस्थी म्हणून म्हटलं, "मी मीटर दुरुस्त करतो." याने भांडण कसं मिटणार होतं, ते विचारू नका. बाबाही म्हणाले, "राहू दे रे, कशाला?" हे ते विनयाने म्हणतायत असं मला वाटलं.

डॅशबोर्डखाली शिरायची एकच रीत आहे. पाय सीटच्या पाठीवर टाकायचे, कंबर सीटच्या कडेवर आणि डोकं क्लचच्या पेडलपाशी. शीर्षासन अर्ध्यावर सोडून दिल्यासारखा मी तिथे पडलो होतो. मोबाइलचा टॉर्च तोंडात. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकांनी "काय चाललंय?" असं विचारलं तेव्हा मी जे उत्तर दिलं ते त्यांना शिवी वाटली.

मीटरच्या मागे केबलचा एक दातेरी नट असतो. तो हाताने सुटतो, असं मेकॅनिक म्हणाला होता. कुणाच्या हाताने, ते नव्हता म्हणाला. पाऊण तासाने, दोन बोटांची सालं देऊन, तो सुटला आणि मीटर बाहेर आला. त्याच्यामागोमाग वायरींचा गुंतवळ. एकेकाळी त्यांना रंग असावेत, आता सगळ्या तपकिरी. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. फोटोत माझा अंगठा फार स्पष्ट आला.

केबल आतून तुटली होती. नाना पेठेत दुकानदाराने विचारलं, "कुठली गाडी?" पद्मिनी म्हटल्यावर गिऱ्हाईक सोडून तो काउंटरवर रेलला. "अजून आहे?" अगदी हळू आवाजात, एखाद्या आजारी आत्याची चौकशी करावी तसं. मग माळ्यावर चढून धुळीने माखलेली केबल काढून दिली.

मीटर आतूनही जाम होता, म्हणून एका जुन्या कारागिराकडे नेला. डोळ्याला घड्याळजीची भिंग लावून त्यांनी तो उघडला आणि मी इतकी वर्षं ज्या काट्याकडे बघत होतो त्याचं गुपित दाखवलं. गिअरबॉक्सकडून येणारी तार आत एक लोहचुंबक गरगर फिरवते. त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी, पण दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही. चुंबक फिरला की वाटीत वीज उठते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी एक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. (आमच्या घरातले निर्णयही असेच होतात.) "केबलला ग्रीस बोटभर लावा, जास्त नको. ते वर चढून मीटरमध्ये शिरतं," आजोबांनी बजावलं.

बसवणं हे काढण्याच्या तिप्पट निघालं. केबलचं चौकोनी टोक मीटरच्या चौकोनी भोकात बसायला हवं, आणि दोन्ही आपल्याला दिसत नाहीत. चाचपडत, सुईत दोरा ओवावा तसं, पण सुई पलीकडच्या खोलीत. शेवटी बसलं. दोन स्क्रू उरले, आणि डावा इंडिकेटर दिला की आता मीटरचा दिवाही उघडझाप करतो. तेवढं चालायचंच.

रविवारी सगळे पौड रस्त्याने निघालो. चांदणी चौक ओलांडल्यावर बाबांनी कान तिरका केला. "साठ."

काटा अडतीसवर होता.

गाडीत शांतता. मग बाबा म्हणाले, "मीटर मंद लागलाय." मागून बायकोने मोबाइलवर जीपीएस लावला. "खरंय बाबा, चुकतोय. सदतीस आहे."

पिरंगुटपर्यंत कुणी बोललं नाही. बाबांनी एकदा पाय जोरात दिला, काटा चव्वेचाळीसपर्यंत गेला, पद्मिनी खोकली, आणि दोघंही परत अडतिसावर आले. येताना मिसळ खायला थांबलो, पण बाबांनी तर्री घेतली नाही.

पुढच्या रविवारी बघतो तर काटा शून्यावर. आकडा ६४,२५१. मी पुन्हा पाय वर, डोकं खाली. नट अलगद सोडवलेला होता, एक ओरखडा नाही. केबलच्या टोकाला धूळ लागू नये म्हणून जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळून वर रबरबँड लावलेला.

"काय झालं रे?" बाहेरून बाबांचा आवाज.

"केबल गेली वाटतं परत."

"जाणारच. जुनी गाडी." बाबा सीटवर बसले, चोक ओढला, कान तिरका केला. "चला बसा. ऐंशीने नेतो."

मागच्या सीटवर बायकोने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चेनही लावली.