बोर्ड काढून एनटीएसारखी संस्था आणली तर पेपर फुटायचे थांबतील? मला नाही वाटत

सध्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय, की दहावी-बारावीच्या परीक्षा राज्य बोर्डाकडून काढून घ्या, एनटीएसारखं (म्हणजे देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा घेणारी केंद्राची संस्था) स्वतंत्र प्राधिकरण नेमा, म्हणजे पेपरफुटी आणि कॉपी दोन्ही बंद. मी बरीच वर्षं बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी राहिलेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. मेसेजमधले मुद्देच एकेक घेते.

"बोर्ड म्हणजे सरकारी खातं, स्वतंत्र संस्था हवी." अहो, बोर्ड वेगळंच आहे. 1965 च्या कायद्यानं झालेलं, 1 जानेवारी 1966 पासून चालणारं मंडळ आहे ते, पुण्यात मुख्यालय आणि खाली नऊ विभागीय मंडळं. अध्यक्ष सरकार नेमतं हे खरंय, पण नव्या प्राधिकरणाचा अध्यक्ष कोण नेमणार?

"एनटीएकडे बघा." बघूया. 5 मे 2024 ची नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षा आठवा, झारखंडमधल्या हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे सुप्रीम कोर्टानंही मान्य केलं, आणि सीबीआयनं हजारीबागच्या ज्या प्राचार्याला अटक केली तो एनटीएनंच नेमलेला शहर समन्वयक होता! म्हणजे दिल्लीत संस्था कितीही स्वतंत्र असू दे, प्रश्नपत्रिकांच्या पेट्या शेवटी येतात त्या गावातल्या शाळेतच. त्याच वर्षी 18 जूनला एनटीएचीच यूजीसी-नेट (प्राध्यापकांची पात्रता परीक्षा) झाली आणि 19 ला रद्द झाली, लाखो मुलांचा अभ्यास, प्रवास, सगळं वाया. आणि लांब कशाला जायचं, आपल्या राज्यात टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) घेणारी परीक्षा परिषद बोर्डापेक्षा वेगळीच आहे ना, तरी डिसेंबर 2021 मध्ये तिच्या आयुक्तालाच टीईटी घोटाळ्यात पोलिसांनी पकडलं.

"वरची माणसं बदलली की खालचं आपोआप सुधारतं." इथंच सगळी चूक आहे. पेपर कस्टडीतून (जिथं तो सीलबंद ठेवलेला असतो) निघतो, रनर म्हणजे ने-आण करणारा माणूस तो केंद्रावर आणतो, तिथून वर्गात जातो, आणि बहुतेक वेळा घोळ होतो तो या शेवटच्या तासाभरात. 3 मार्च 2023 ला बुलढाण्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात बारावीच्या गणिताची पानं पेपर सुरू व्हायच्या आधीच मोबाइलवर फिरली, अटक झालेल्यांत शिक्षकही होते. दोन्ही परीक्षांना मिळून 30 लाखांच्या आसपास मुलं बसतात, एवढ्यांसाठी नवं प्राधिकरण माणसं कुठून आणणार, याच शाळा आणि आम्हीच मास्तर-बाई ना!

"सरळ एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) करा, कॉम्प्युटरवर घ्या." मग मराठीचा निबंध, भूमितीची सिद्धता कशी तपासायची? दहावीचं पोर चार ओळी स्वतःच्या लिहितं ते तरी राहू द्या.

कॉपी होत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. खिडकीतून चिठ्ठ्या आत येताना मी बघितल्यात, आणि ज्या पोरानं वर्षभर राबून अभ्यास केला त्याचा त्यावेळचा चेहराही बघितलाय. पण उपाय केंद्रावरच करायला पाहिजे. 2025 ला बोर्डानं ठरवलं होतं की केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे असतील, लगेच विरोध झाला आणि मग ते फक्त आधी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांपुरतं ठेवलं. माझ्या मते ते सगळीकडे करायला हवं होतं, त्रास झाला असता तरी. तेव्हा यातल्या किती ग्रुपवर बोर्डाच्या बाजूनं एक तरी मेसेज फिरला?