माणसं नाहीत म्हणून गाडी नाही?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. सकाळी आमच्या कोकणातल्या वाडीच्या ग्रुपवर मेसेज आला, दुपारची एसटी गाडी कायमची बंद. डेपोत चौकशीला गेलेल्या पोरांना तिथल्या साहेबांनी सुनावलं, "तुमच्या वाडीत माणसं राहिलीत किती? कोणासाठी सोडू गाडी?"

माझ्या काकीसाठी सोडा ना साहेब! पंच्याहत्तरी उलटलेली, अंगात शुगर, एक गुडघा कामातून गेलेला. तालुक्याला जायचं तर पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून, ओढ्यावरचा साकव ओलांडून फाट्यावर यायचं. सकाळच्या गाडीने जाऊन रक्त तपासायचं, गोळ्या घ्यायच्या नि दुपारच्या गाडीने परत. आता एकतर संध्याकाळपर्यंत स्टँडच्या बाकड्यावर बसून राहा, नाहीतर रिक्षा स्पेशल करा. 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्यासाठी काकीने आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून जपून ठेवलंय. ते आता दाखवायचं कोणाला? रिक्षावाल्याला?

आणि माणसं नाहीत म्हणे! माणसं गेली कशामुळे? हायस्कूल लांब, जायला-यायला सोय नाही, म्हणून पोरगी आठवीत गेली की अख्खं बिऱ्हाड तालुक्याला, नाहीतर नालासोपारा, दिवा. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जवळजवळ 17 लाख माणसं होती, 2011 ला 16 लाख 15 हजार. तिकडे राज्याची लोकसंख्या वाढत होती आणि आमची घटत होती. सिंधुदुर्गाचंही तेच. आता त्याच घटलेल्या आकड्यावर बोट ठेवून गाडी काढून घेणार. मग उरलेत तेही जाणार, आणि पुढच्या वेळी रस्ता मागायला गेलो की पुन्हा हेच ऐकवणार.

रस्त्याचं तरी काय वेगळं आहे? प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत साधारण भागात वस्तीला 500 माणसं लागतात, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागांत 250. कोकण डोंगरात आहे, पण डोंगरी राज्यात नाही! इथे एकेका गावाच्या कितीतरी वाड्या, मध्ये ओढे, टेकाडं. एका जागी 500 माणसं आणायची कुठून? योजनेचा नवा टप्पासुद्धा 2011 चेच आकडे धरून चाललाय.

मान्य, दुपारची गाडी कित्येकदा अर्धीही भरायची नाही. डिझेल फुकट येत नाही, हेही कळतं. पण काकीच्या गोळ्या तोटा बघून थांबत नाहीत.

आमच्या लहानपणी मुक्कामी गाडी असायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या सभामंडपात झोपायचे. तांदळाची भाकरी नि सुकट काकीच पाठवायची त्यांना. कोणाची औषधाची चिठ्ठी असली की कंडक्टर खिशात घालायचा, दुसऱ्या दिवशी पुडी हजर. भर पावसात, दरडी कोसळत असताना गाडी वर आणणारी माणसं ती. त्यांच्याबद्दल आजही मनात मायाच आहे. माझा राग खुर्चीत बसून वाडीची डोकी मोजणाऱ्यांवर आहे.

आणि मुंबईकरांनो, थोडा तुमच्यावरही आहे. गणपतीला आपल्यासाठी हजारो जादा गाड्या सुटतात. का? तर आपण बोंब मारतो, आपली गर्दी दिसते. गौरी-गणपती गेले की घरांना कुलपं, आणि मागे राहते काकी. ती बोंब मारत नाही. मघाशी फोन केला तर म्हणते, "असूं दे रं, गोळ्या हायत अजून म्हयनाभर." हे ऐकल्यावर मला पुढे बोलवेना.

महिन्यानंतर काय?

तर यंदा गणपतीला गावी येणाऱ्या प्रत्येकाने अर्जावर सही केल्याशिवाय परतीची गाडी धरायची नाही. लांबलचक लाल डबा नको, मिनीबस चालेल. पण रोज हवी, आणि दवाखाना नि हायस्कूल सुटायची वेळ धरून हवी. ग्रामसभेत ठरावही करून घेऊ. अर्ज मी आज रात्रीच लिहायला घेतोय. शेजारच्या वाड्यांतलं कोणी इथे असेल तर इनबॉक्सला या, तुमच्या वाडीचंही नाव त्यात घालतो.