शुल्क माफ झालं, बाकीच्या खर्चाचं काय?

‘शुल्कमाफीमुळे आर्किटेक्चर आता कुणाच्याही आवाक्यात आलं आहे’ हे मुलींच्या शुल्कमाफीवरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. २०२४पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, हे चांगलंच झालं. पण बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षांचं असतं, आणि घरच्यांचं कंबरडं मोडतं ते फीच्या पावतीवर न दिसणाऱ्या खर्चांनी. सॉफ्टवेअर पेलणारा लॅपटॉप, प्रत्येक ज्युरीआधीचे (परीक्षकांसमोर डिझाइन मांडण्याआधीचे) मोठ्या आकाराचे ए-वन प्रिंट, मॉडेलसाठीचे जाड माउंट बोर्ड, स्टडी टूर. मी सोलापूरहून पुण्यात शिकायला आले, वडील गवंडी. वर्गातली काही मुलं मॉडेल बाहेरून लेझर कटिंग करून आणायची, मी रात्रभर कटरने कापायचे. ज्युरीत ‘फिनिशिंग’ कमी पडलं म्हणून माझे गुण जायचे. त्यात डिझाइनचा दोष काय होता?

खरी गाळणी तर प्रशिक्षणाच्या सत्रात, म्हणजे आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करून शिकायच्या सत्रात लागते. नावाजलेली ऑफिसं मुंबईत, स्टायपेंड मात्र खोलीभाड्यालाही पुरत नाही, कुठे तर शून्यच. ज्यांचं मुंबईत घर आहे ते तिथे जातात आणि पुढची नोकरी त्याच ओळखीतून मिळते. मी गावाकडच्या ठेकेदाराकडे काम केलं. बांधकाम उत्तम शिकले, पण मुलाखतीत त्या अनुभवाला कुणी विचारलं नाही. हे सत्र अभ्यासक्रमात सक्तीचं आहे, मग किमान मानधनही सक्तीचं करा. या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या वास्तुकला परिषदेने यात लक्ष घालायलाच हवं.