निवेदन सहा प्रतींत आणावे

गेल्या मंगळवारी आम्ही सतरा पेन्शनर आमच्या लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयाबाहेर पावणेतीन तास बसलो होतो. त्यातल्या दोघांबरोबर त्यांच्या बायका होत्या, कारण एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. साहेब आले, पेन्शनवाढीचं निवेदन घेतलं, फोटो झाला. फोटोत मी आहे, म्हणजे माझी टोपी आहे. गाडीत बसता बसता साहेबांनी मला विचारलं, "काका, काकूंना लाडकी बहीण मिळते ना?" मी म्हटलं, "पासष्ट उलटली साहेब. आता ती लाडकी राहिली नाही." सगळे हसले. साहेब तर फारच हसले. गाडी गेली. राष्ट्रीय धोरणातलं आमचं त्या दिवसाचं योगदान एवढंच.

तेव्हा देशपातळीवरची संघटना काढून सरकारचं धोरण बदलायचं ज्यांच्या मनात असेल, त्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. मी ईपीएस-९५ वाला, म्हणजे खाजगी नोकरदारांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतला. सूतगिरणीत पस्तीस वर्षं, २०११ ला अठ्ठावन्न पूर्ण, पेन्शन २,०६४ रुपये. म्हणजे बोलायचा अधिकार आहे.

सर्वांत आधी, मागणी बदलू नये आणि निवेदनही बदलू नये. फक्त तारीख बदलावी. आमचं निवेदन एका निवृत्त हेडक्लार्कने फार सुंदर लिहिलं होतं, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे, त्यामुळे त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मंगळवारी साहेबांच्या पीएने, वय असेल पंचवीस, ते वरून वाचलं आणि म्हणाला, "काका, हे केंद्रीय कामगार मंत्री गंगवार साहेबांच्या नावाने आहे. ते २०२१ लाच पायउतार झाले. मग भूपेंद्र यादव होते, २०२४ पासून मांडविया आहेत." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोनदा मंत्री बदलले आणि आमचं पत्र अजून पहिल्याच पत्त्यावर. वर तो म्हणाला, "आणि सहा प्रती लागतात." प्रत एकच होती. झेरॉक्सवाला चौकात, ऊन डोक्यावर, गेलं कोण? ज्याचे गुडघे त्यातल्या त्यात बरे तो, म्हणजे मी.

निवेदन 'स्वीकारलं' की लगेच सत्कार उरकून घ्यावा. पेन्शन वाढेपर्यंत थांबलात तर हार घालायला कोण उरणार?

संघटना एकच ठेवू नये. तालुक्यात तीन तरी हव्यात, आणि तिन्हींच्या अध्यक्षांनी उरलेल्या दोघांना सरकारचा माणूस म्हणावं.

समितीच्या अहवालावर पूर्ण विश्वास ठेवावा. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ साली सांगितलं होतं, किमान पेन्शन ३,००० करा, महागाईशी जोडा, आणि सरकार पेन्शन निधीत पगाराच्या १.१६ टक्के घालतं ते ८.३३ करा. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, तेव्हा विरोधी बाकांवर. पुढच्या वर्षी त्यांचाच पक्ष सत्तेवर आला आणि किमान पेन्शन झालं १,०००. त्यानंतर कोश्यारी साहेब आमच्याच राज्यात राज्यपाल म्हणून आले, २०१९ ते २०२३. तेव्हा आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं की त्यांना त्यांचाच अहवाल निवेदनाला जोडून द्यावा. आता वाटतं, द्यायला हवा होता. सहा प्रतींत.

उपोषण करायचं तर साखळी करावं. बुलढाण्यात आमच्या ईपीएस पेन्शनरांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीच्या लोकांनी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केलं. कडी संपली की दुसरी कडी, सरकारला घाई नाही. मार्च २०२० मध्ये हेमा मालिनींनी शिष्टमंडळ थेट पंतप्रधानांपर्यंत नेलं. आश्वासन मिळालं. तीन आठवड्यांत लॉकडाऊन.

कोर्टात जरूर जिंकावं. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाढीव पेन्शनचा, म्हणजे मर्यादेऐवजी खऱ्या पगारावर पेन्शनचा, निकाल दिला, आम्ही पेढे आणले. मग कळलं, १ सप्टेंबर २०१४ च्या आधी निवृत्त झालेल्यांनी त्या वेळी तसा पर्याय लिहून दिला नसेल, तर निकाल फक्त वर्तमानपत्रात वाचायचा आहे. पेढे तोवर संपले होते.

हयातीच्या दाखल्याबद्दल बोलत नाही. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना माहीत आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जिथे निर्णय होतो त्या टेबलाजवळ चुकूनही जाऊ नये. गेटवर बसावं, सतरंजी स्वच्छ असते. भविष्य निर्वाह निधीचं एक केंद्रीय विश्वस्त मंडळ असतं, १९५२ च्या कायद्याने केलेलं. अध्यक्ष कामगार मंत्री. केंद्राचे पाच, राज्यांचे पंधरा, मालकांचे दहा, कामगारांचे दहा. पेन्शनरांचा किती? शोधू नका, मी शोधलंय. एकही नाही. कामगारांचे दहा जण मोठ्या युनियनांचे, आणि त्यांनी आमचा विषय कधी काढलाच नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा पगार चालू आहे त्याने पगार थांबलेल्याची वकिली किती करायची? पंचाहत्तर लाखांहून जास्त म्हातारे या योजनेवर जगतात आणि त्यांच्या नावाची एक खुर्ची त्या खोलीत नाही, आणि आम्ही सतरा जण वर्षानुवर्षं फोटोत उभं राहायच्या जागेवरून भांडतोय!

खुर्ची नसली की काय होतं ते ऐका. १६ नोव्हेंबर १९९५ ला योजना आली. गिरणीत आमच्या खात्यात नोटीसबोर्डवर कागद लागला, चात्यांच्या आवाजात कुणी वाचला नाही, आणि १९७१ पासूनची फॅमिली पेन्शनची रक्कम त्यात वळती झाली. विचारलं कुणी? पेन्शनचं सूत्र ठरलं: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. त्यातला पगार म्हणजे तुमचा खरा पगार नव्हे, सरकारने घातलेल्या मर्यादेतला. माझ्या वेळी ती ६,५०० होती. २०१४ ला १५,००० झाली, आणि त्याच १ सप्टेंबरला शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांची सरासरी धरायचं ठरलं. म्हणजे एका हाताने हजार रुपये किमान पेन्शन दिलं आणि दुसऱ्या हाताने सरासरी खाली ओढली. दोन्ही एकाच दिवशी! महागाई भत्ता? शून्य. वाढवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, निधीत तूट आहे.

तूट. बरं. मार्च २०२५ मध्ये माजी खासदारांचं पेन्शन २५,००० वरून ३१,००० झालं, तेही एप्रिल २०२३ पासूनच्या फरकासह. तेव्हा कुणी तूट मोजली? आपल्या राज्यात एकदा आमदार झालेला माणूस पन्नास हजारांपासून सुरू होतो. त्यांनी निवेदन दिलं होतं का हो? किती प्रती? ते कुठल्या मैदानात बसले होते, कुणाच्या गाडीमागे धावले होते? नाही. ते टेबलावर होते. स्वतःच मागणारे, स्वतःच देणारे. आमच्या खात्यातल्या एका जोडीदाराची बायको आज महिना हजार रुपयांवर आहे. २०१४ चे हजार, आजही हजार. त्यातले सहाशे तिच्या गोळ्यांचे. ती मंगळवारी आली नव्हती, कारण येण्याजाण्याचं एसटीचं अर्धं तिकीट, तेही तिला जड आहे. आणि साहेब विचारतात लाडकी बहीण मिळते ना! अहो, आम्ही काय ओवाळणी मागायला आलो होतो? माझ्या नावाचे, पगारावरचे ८.३३ टक्के दर महिन्याला पेन्शन निधीत गेले आहेत. माझे पैसे आहेत ते.

असो. बीपी वाढतो.

पण साहेबांवर तरी काय चिडायचं, ते हसले आणि गेले. खरं तर आमचंच चुकलं. चार वर्षं निवेदनावर कुणाचं नाव आहे ते आम्ही सतरा जणांपैकी एकाने वाचलं नाही, मीसुद्धा नाही. अध्यक्षाला चहाची सोय आणि फोटोची सोय, यापलीकडे आम्ही कधी काही विचारलं नाही. विश्वस्त मंडळाची बैठक कधी असते हे मला बहात्तराव्या वर्षी नातवाने मोबाईलवर काढून दाखवलं. देशव्यापी म्हणवणाऱ्या संघटनेच्या मेंबरने हे सांगताना लाज वाटायला हवी, ती वाटते आहे.

आणि तुम्ही, तिशी-पस्तिशीतले, हे वाचून 'बिचारे काका' म्हणणारे. तुमचं पगारपत्रक काढा. मालकाच्या बारा टक्क्यांतून पेन्शनला जातात जास्तीत जास्त १,२५० रुपये, कारण मर्यादा अजून पंधरा हजारच आहे. आता तेच सूत्र लावा. पंधरा हजार गुणिले पस्तीस भागिले सत्तर. आलं ना? ७,५००. पस्तीस वर्षं हाडं झिजवल्यावर, आणि तोपर्यंत भाजी काय भावाने असेल देव जाणे. आमची संघर्ष समिती किमान पेन्शन म्हणून जो आकडा मागते तोच तुमच्या पूर्ण नोकरीचा आकडा आहे. हे भांडण आमचं नाही रे बाबांनो, आमचं फार तर दहा वर्षांचं. आणि तुम्ही आमचा ग्रुप म्यूट केलाय. माझ्या स्वतःच्या मुलानेसुद्धा.

येत्या रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात बैठक आहे. निवेदन नव्याने लिहायचंय, मागणी पहिली एकच, मंडळावर पेन्शनरांची खुर्ची. मागच्या बैठकीला नऊ जण होते. त्यातले दोघे चुकून आले होते, त्यांना सत्यनारायण वाटला. या वेळी येताना पगारपत्रक आणा, आणि ज्याच्याकडे गाडी असेल त्याने वाटेत त्या हजार रुपयांवरच्या वहिनींना घेऊन यावं.