मराठीवर खापर

बडोद्याहून दादाचा फोन आला की हल्ली विषय एकच असतो. माझा भाचा अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, आणि प्लेग्रुपच्या बाईंनी ‘एकदा तपासून घ्या’ असे सुचवल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. आईच्या मते काळजीचे कारणच नाही, कारण दादाही तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता आणि आज तो वकिली करतो. वहिनीच्या माहेरचे म्हणतात की घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशाने पोर गोंधळणारच, तेव्हा मराठी बंद करावी. दांडिया बाजारात चार पिढ्या मराठी बोललेल्या घराला हा तोडगा सुचवला जावा, याचा मला संताप येतो.

अनेक भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही. त्याचे ‘दूध’, ‘चालो’ आणि ‘बॉल’ हे तीन शब्द झाले. तीन भाषांत तीनदा नापास झाल्याचा तो पुरावा नव्हे. उशिरा बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी कानांची असते, आणि दारावरची घंटा वाजताच वळून पाहतो एवढ्याने ती होत नाही, कारण काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात पण शब्दांतले बारीक ध्वनी निसटतात. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, कान जन्मानंतर थोड्याच दिवसांत तपासतात, आणि दोन वर्षांच्या सुमारास हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांची वाढ पाहणारी नर्स, प्रश्नावली घेऊन येते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यात सक्तीचे केले, आणि त्यांच्याच गावात एका तपासणीवरून एवढे वादंग! सोय नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि विकासातला विलंब हा तिच्या चार मुख्य गटांपैकी एक आहे. पण आमच्यासारख्यांची मुले अंगणवाडीत जात नाहीत, आणि खासगी डॉक्टरांकडची भेट बहुधा लस आणि वजन यांवरच संपते.

हे सारे मी दादाला जरा वरच्या पट्टीतच ऐकवले. जे ऐकवले नाही ते असे, की माझ्या मुलाच्या वेळी त्या प्रश्नावलीत ‘होय’, ‘कधी कधी’ आणि ‘अजून नाही’ असे तीन चौकोन होते, आणि तो दोन शब्द जोडतो का या प्रश्नापुढे मी ‘होय’वर खूण केली होती. खरे उत्तर ‘अजून नाही’ होते. परक्या देशात आपले मूल कमी ठरू नये, एवढेच तेव्हा मनात होते. पुढे नर्सरीने सांगितल्यावर नाव नोंदवले, तर स्पीच थेरपीची रांग कित्येक महिन्यांची निघाली. त्या रांगेबद्दल मी बडोद्यात कधी अवाक्षर काढत नाही. थेरपिस्टने मराठी सोडायला सांगितले नव्हते, उलट घरची भाषा चालू ठेवा असेच ती म्हणाली होती. पण तोवर मी घाबरून त्याच्याशी इंग्रजीतच बोलू लागले होते, आणि ती सवय काही सुटली नाही.

तो आज दहा वर्षांचा आहे आणि अखंड बोलतो. परवा फोनवर आईने त्याला विचारले, ‘सुट्टी कधी लागतेय रे?’ त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी भाषांतर केले.