डिजिटल कृष्णधवल नकली नाही

‘डिजिटल कॅमेऱ्यात खरा कृष्णधवल फोटो निघतच नाही. सेन्सर रंगीत टिपतो, आपण मागाहून रंग पुसतो. फिल्मची सर त्याला नाही. फसलेले फोटो झाकायची ती युक्ती.’ मुंबईतल्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. नव्याने शिकणारी मुलं तो वाचून या प्रकाराच्या वाटेलाच जात नाहीत, ते मला पटत नाही.

सेन्सर रंगीत टिपतो? उलट आहे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती; तिच्यावरच्या बिंदूंना रंग कळतच नाही. आपल्यावर किती उजेड पडला एवढंच ते मोजतात. त्यांच्यावर रंगीत फिल्टरांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. निम्मे बिंदू हिरव्याखाली, पाव लाल, पाव निळ्याखाली. रंग त्यातून हिशेबाने काढला जातो. ही जाळीच नसलेले कॅमेरेही आहेत, लायकाचा एम मोनोक्रोम २०१२ पासून.

रंग पुसण्याबद्दल बोलायचं तर नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, शून्यावर नेणं वाईटच. दादरच्या फुलबाजारात लाल जास्वंद आणि शेजारची दुर्वांची जुडी असं केल्यावर बऱ्याचदा एकाच करड्या छटेत येतात. फूल कुठे संपलं तेच कळत नाही. पण फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमध्ये (यात प्रत्येक रंग किती उजळ दिसावा ते ठरवता येतं) लाल स्लायडर वर न्या, जास्वंद उजळून दुर्वांपासून सुटी होते. खाली आणा, तीच काळीभोर. फिल्मवाले हेच काम लेन्सपुढे रंगीत फिल्टर लावून करायचे, तेही शटर दाबण्याआधी ठरवून. आपल्या फाइलमध्ये रंग शाबूत असतो, म्हणून हा निर्णय घरी बसून, चार वेळा बदलून घेता येतो. त्यासाठी रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, मात्र हवी. मोनोक्रोम मोड लावला तरी रॉमध्ये रंग राहतो. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फाइलमध्ये, तो गेला, आणि हाती राहिल्या २५६ छटा; १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. मरीन ड्राइव्हवरचं निळं आकाश गडद करायला जा, जेपेगमध्ये पट्टे उमटू लागतात. (जुलैत हा खटाटोप करूच नका. ढगांत निळा नसतोच, मग गडद काय होणार?)

फिल्मचा एक गुण मी मानतो. निगेटिव्ह जादा उजेड बराच सोसते. डिजिटलमध्ये जादा उजेडाने एखादा भाग एकदा निव्वळ पांढरा झाला की तिथलं काही परत येत नाही. म्हणून सीएसएमटीच्या फलाटावर उन्हाची तिरीप पडलेली असली की मी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) त्या उजेडावर ठरवतो आणि सावल्या नंतर उचलतो.

राहिली फसलेल्या फोटोंची गोष्ट. लोकलच्या दारातल्या गर्दीत नजर एका माणसावर ठरते ती केवळ त्याच्या लाल शर्टामुळे असेल, तर रंग काढताच तो माणूस गर्दीत हरवतो. असा फोटो कृष्णधवल करून झाकला जात नाही, आणखी उघडा पडतो. तो रंगीतच ठेवावा.