क्वांटम ग्रॅव्हिटीने बीपीची गोळी बंद करायला सांगितलेलं नाही

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला, डोकं जड झालंय, गरगरतंय म्हणाली. बीपी मोज म्हटलं तर १७८/१०२. गोळी घेतलीस का विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाली अकरा दिवस झाले बंद केलीये. पाकिटं कपाटात तशीच पडून. आणि ही बाई तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेली आहे, त्यामुळे "कोण विश्वास ठेवतं असल्या मेसेजवर" असं मला कोणी सांगू नका.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल, भरपूर फिरतोय. त्यात म्हटलंय की जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँग खोटा ठरवला, क्वांटम ग्रॅव्हिटीच्या नव्या समीकरणाने विश्वाला सुरुवातच नाही हे सिद्ध केलं, आणि २०२२ चं नोबेल मिळालं ते "कोणी बघितल्याशिवाय विश्व अस्तित्वातच नसतं" या शोधाला. म्हणजे चेतना आधी, विश्व नंतर. म्हणून शरीरातली प्रत्येक पेशी विचारांचं ऐकते, औषधं फक्त तिची कंपनं दाबून टाकतात. आणि शेवटी, डॉ. नारळीकरही हेच सांगायचे.

नोबेलचा मुद्दा आधी घेतो, कारण गोळी बंद झाली ती त्याच्यामुळे.

२०२२ चं फिजिक्सचं नोबेल अ‍ॅलन आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन त्सायलिंगर यांना मिळालं हे खरं. पण कशासाठी? एकमेकांशी गुंतलेल्या कणांच्या प्रयोगांसाठी, म्हणजे लांब नेले तरी ज्यांच्या मोजमापांची उत्तरं एकमेकांशी जुळलेली असतात अशा कणांच्या. मोजण्याआधीच प्रत्येक कणाकडे उत्तर ठरलेलं असतं आणि लांबच्या घडामोडीचा त्याच्यावर तत्काळ परिणाम होत नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या धरल्या तर प्रयोगाचे आकडे जुळत नाहीत, एवढं त्यांनी दाखवलं. एवढं म्हणजे खूप आहे, माझं डोकं आजही चक्रावतं त्याने. पण त्यात माणसाच्या बघण्याचा किंवा मनाचा संबंध कुठेच नाही. डिटेक्टर कण टिपतो, आकडे नोंदले जातात, माणूस ते नंतर कधीतरी वाचतो.

सगळी गडबड "निरीक्षक" या शब्दाने केलीये. क्वांटममध्ये, म्हणजे अणू आणि त्याहून बारीक कणांच्या फिजिक्समध्ये, निरीक्षण म्हणजे डोळे लावून बसणं नाही, कणाची माहिती बाहेरच्या जगात कुठेतरी उमटणं. आणि हे नुसतं म्हणणं नाही, करून बघितलेलं आहे, तेही व्हिएन्नात, ज्या त्सायलिंगरांचं नाव मेसेजवाल्यांनी वापरलंय त्यांच्याच ग्रुपने. २००४ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला प्रयोग आहे. ७० कार्बन अणूंचे रेणू त्यांनी निर्वात नळीत अगदी बारीक जाळ्यांमधून सोडले. असे रेणू लाटेसारखे वागतात, जाळ्यांच्या पलीकडे कमीजास्त असे पट्टे मिळतात. मग जाळ्यांत शिरायच्या आधी लेझरने रेणू तापवायला सुरुवात केली. साधारण १००० केल्विनपर्यंत (सेल्सिअसपेक्षा हा आकडा २७३ ने जास्त असतो) पट्टे जसेच्या तसे. त्याच्यावर तापवत गेले तसे पट्टे फिके व्हायला लागले आणि ३००० केल्विनच्या आसपास गायबच. का, तर तापलेली वस्तू प्रकाश फेकते, लोखंड लाल होतं तसं, आणि रेणू उडता उडता जो प्रकाश फेकतो त्यात तो कुठे होता याची माहिती बाहेर जाते. तो प्रकाश बघायला तिथे कोणी नव्हतं, नळीच्या भिंतीवर जाऊन तो मुरला आणि तरी लाटेचं वागणं संपलं! चेतना नाही, विचार नाही, भिंत पुरली. मावशीला मी हा प्रयोग फोनवर दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मग त्यांनी हे का नाही लिहिलं त्यात?" खरंय, का नाही लिहिलं?

एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाइलाजाने का होईना. युजीन विग्नर नावाचे मोठे शास्त्रज्ञ, १९६३ चे नोबेल विजेते, यांनी एकेकाळी खरोखर मांडलं होतं की मोजमाप पूर्ण होतं ते जाणिवेमुळे. पण पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडलं, आणि ते मत होतं तेव्हाही विचाराने रक्तदाब उतरतो असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

आणि कंपनं दाबण्याचं म्हणाल तर मावशीच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरण्याचा मार्ग ते अडवतं, स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. त्यात दाबायला कुठलं कंपन आलं? शिवाय अकरा दिवस ती अगदी मनापासून धरून चालली होती की बीपी आता आपोआप उतरतंय. पट्टा बांधला तेव्हा १७८ निघालं.

आता क्वांटम ग्रॅव्हिटीने "सिद्ध" केल्याबद्दल. क्वांटम ग्रॅव्हिटी नावाची पूर्ण झालेली, प्रयोगाने तपासलेली थिअरीच आज कुणाकडे नाही. गुरुत्वाकर्षणासाठी आइन्स्टाइन, कणांसाठी क्वांटम, आणि दोघांना एकत्र बसवायची धडपड कित्येक दशकं चालू आहे. स्ट्रिंग थिअरी आहे, लूप क्वांटम ग्रॅव्हिटी आहे, जिचा पाया आपल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये घातला. त्यातूनच २००६ मध्ये अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी गणित करून दाखवलं की आकुंचन पावणारं विश्व अनंत घनतेपर्यंत न जाता त्याआधीच उसळी घेऊन पुन्हा पसरू शकतं. फार सुंदर काम आहे. पण ते गणित आहे, निसर्गाने अजून त्याच्यावर सही केलेली नाही, कारण थेट तपासायला लागणारी ऊर्जा एलएचसी या जगातल्या सगळ्यात ताकदवान कण-धडक यंत्रातल्या टकरींच्या जवळपास एकावर पंधरा शून्य इतकी पट आहे.

मेसेजमधलं "समीकरण" म्हणजे बहुतेक २०१५ चा अहमद फराग अली आणि सौर्य दास यांचा पेपर. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण घेऊन त्यांनी त्यात क्वांटमची दुरुस्ती केली आणि विश्वाचं वय अनंत निघू शकतं असं दाखवलं. "निघू शकतं" आणि "सिद्ध झालं" यात काय फरक आहे हे सांगायची वेळ यावी याचाच राग येतो.

यातलं अर्धसत्य मात्र नीट समजून घ्या. बिग बँग हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे विश्व एकेकाळी प्रचंड तापलेलं, दाट होतं आणि तिथून पसरत आलं. हे पक्कं आहे. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात सापडला, आज त्याचं तापमान २.७२५ केल्विन आहे. पहिल्या काही मिनिटांत बनलेलं हेलियम वजनाने साधारण पाव हिस्सा, तेही हिशेबात बसतं. दुसरा अर्थ म्हणजे अगदी शून्य क्षण, सगळ्याची सुरुवात. तिथे आइन्स्टाइनची समीकरणं मोडतात आणि तिथे नेमकं काय होतं हे खरंच कुणाला माहीत नाही. हे शास्त्रज्ञ उघड सांगतात, ती "कबुली" नाही. दुसऱ्या अर्थावरचं प्रश्नचिन्ह उचलून पहिल्यावर चिकटवायचं, एवढंच या मेसेजने केलंय.

जेम्स वेबचंही तेच. २०२२ पासून त्या दुर्बिणीला अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी आकाशगंगा फार लवकरच्या काळात दिसतायत, बिग बँगनंतर ३० कोटी वर्षांच्याही आत. म्हणजे आकाशगंगा कशा आणि किती वेगाने बनतात याबद्दलचे अंदाज सुधारायला लागणार. पण त्याने विश्व तापलेल्या, दाट अवस्थेतून पसरत आलं हे खोटं ठरत नाही. अ‍ॅलिसन कर्कपॅट्रिक या खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगांबद्दल जे बोलल्या ते तोडून बिग बँगविरुद्ध वापरलं गेलं, त्यांनी स्वतः जाहीरपणे त्यावर आक्षेप घेतला होता.

राहिले नारळीकर. हो, जयंत नारळीकरांना बिग बँग पटला नव्हता. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्यांनी पर्यायी थिअरी मांडली, बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ती पटली नाही. पण ते भांडले ते समीकरणं घेऊन, निरीक्षणांचे आकडे घेऊन. आणि याच माणसाने मुलांच्या कुंडल्या गोळा करून ज्योतिषांकडून भाकितं मागवली, ती संख्याशास्त्राने तपासली, आणि नाणं उडवून जे मिळालं असतं त्याहून जास्त काही हाती लागलं नाही हे छापलं. त्यांचं नाव "विचाराने पेशी बऱ्या होतात" च्या खाली लावलेलं बघून मला गप्प बसवेना.

मावशीची गोळी परत सुरू झालीये, काल १४२/८८ होतं. हे सगळं तिने स्वतःच तिच्या ग्रुपवर टाकते म्हटलंय, मी फक्त टाइप करून दिलं.